जानेवारीत बर्फात जाणाऱ्या गोव्यातल्या मंडळींसाठी: हिमस्खलनाबद्दल

सत्तरीचा वाटाड्या | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

चवथ संपली की आपल्या सगळ्या ग्रुपांवर एकच चर्चा सुरू होते. यंदा उत्तराखंडातला केदारकांठा की ब्रह्मताल, गोवा एक्सप्रेसचं बुकिंग कुणी करायचं, बूट भाड्याने मिळतात का. या वर्षी फोंडा, साखळी आणि म्हापसा अशा तीन ठिकाणच्या मंडळींनी मला बोलावलं. थंडी, जेवण, औषधं, गुडघे, सगळ्यावर प्रश्न आले. हिमस्खलनावर एकही आला नाही. म्हणून हा धागा काढतोय. चार आठवड्यांचा बेसिक कोर्स केला आहे आणि त्यानंतर आठ-नऊदा बर्फात गेलो आहे, तेवढ्या शिदोरीवर लिहितो. जास्त जाणणाऱ्यांनी भर घालावी.

आपण डोंगर शिकलो ते पावसाळ्यात. सोनसोगड, चोर्ला, सुर्ल, मोलेचं रान. तिथे धोका आधी दिसतो. कातळावरचं शेवाळ दिसतं, ओहळाला पाणी चढलं तर आवाज येतो, घसाऱ्यावर पाय ठेवला की खडे सुटतात आणि पाय मागे घ्यायला सवड मिळते. बर्फाच्या उतारावर तसं होत नाही. वरून सगळं गुळगुळीत पांढरं आणि बिघाड दोन-तीन फूट खाली, जिथे नजर पोचत नाही.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा लोट गडगडत येणार आणि आपण बघून पळणार, अशी आपली समजूत असते. माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा लादीचं असतं. अख्खा उतार फरशीसारखा एका झटक्यात सुटतो आणि आपण त्या फरशीवर उभे असतो. ज्या अपघातांत ट्रेकर किंवा स्कीवाले सापडतात, त्यांतल्या बहुसंख्य वेळा ती लादी सोडवणारा पाय त्यांचा स्वतःचा किंवा सोबत्याचाच असतो.

लादी सुटते कशी? आगरवाड्याचं मीठ घरी येतं ना, जाडं, खड्यांचं? ते मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि लाडू वळून बघा. वळत नाही, मूठ उघडली की सांडतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला बर्फ पातळ असतो. वर निरभ्र, कडाक्याच्या रात्री आणि खाली जमीन मात्र शून्याच्या आसपास. या तफावतीमुळे थराच्या आतली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचं सोडून मोठे, कोनदार, सुटे होत जातात. हे दाणे तळाशी कित्येक आठवडे तसेच बसून राहतात. मग जानेवारीत पश्चिमी झंझावात येतो, वर दोन फूट नवा बर्फ घालतो, वारा तो ठासून बसवतो. खाली खडेमीठ आणि वर चिऱ्यांची फरशी.

कोर्समध्ये उस्तादांनी खड्डा खणून तो थर दाखवला होता. मी हातमोजा काढला. वरच्या थरात बोट शिरेना. जरा खाली घातलं तर मनगटापर्यंत हात आत गेला आणि दाणे बाहीत ओघळले. एक दाणा तळहातावर धरला. उलट्या पेल्याचा आकार, अंगावर बारीक रेघा. दोन-तीन सेकंदांत त्याचं पाणी झालं. तेव्हापासून कुठलाही पांढरा उतार दिसला की माझ्या बाहीत ते दाणे शिरतात.

आता उताराचं. लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, सगळ्यात जास्त ३८ अंशांच्या आसपास. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठत नाही, थोडाथोडा गळून जातो. २५ अंशांच्या खाली तो सहसा सुटत नाही. कौलारू घराचं चांगलं उतरतं छप्पर डोळ्यांसमोर आणा, साधारण तोच टप्पा. म्हणजे चढायला बरा वाटतो, फोटोत सुंदर दिसतो, तोच उतार मारणारा. काठी उतारावर आडवी टाकून तिच्यावर मोबाइल ठेवा, उतार मोजणारं ॲप अंश सांगतं. मात्र पायाखालचाच उतार मोजून थांबू नका. डोक्यावर काय आहे तेही बघा, कारण सपाटीवर तंबू ठोकला तरी वरचा उतार सुटला की बर्फ खाली तिथेच येऊन थांबतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांची छावणी अशीच गाडली गेली. ५४ माणसं अडकली, त्यांतली ८ गेली. ती माणसं काही चढत नव्हती, छावणीत होती.

आणि एक सवय इथेच सोडून जा. सह्याद्रीत आपण घळीतून, नाळेतून चढतो, कारण वाट तिथूनच असते. बर्फात नाळ म्हणजे सापळा. दोन्ही बाजूंचा बर्फ तिथेच गोळा होतो आणि उतार लहान असला तरी माणूस खोल गाडला जातो. बर्फात चालायचं ते धारेवरून किंवा सोंडेवरून. धारेच्या टोकाला वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा सज्जा असतो, त्याच्यापासून चांगलं आत.

माझ्यावर बेतलेला प्रसंग खाली प्रतिसादात लिहितो. टंकून हात दुखले.

मांडवीकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२५

वाटाड्यादादा, वाचून पोटात गोळा आला. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकांठ्याला चाललोय. १४ जण, त्यांत माझी मुलगी १३ वर्षांची आणि पुतण्या १५ चा. तिकिटं झाली, पैसे भरले. सगळे म्हणतात केदारकांठा सोपा आहे, मुलंसुद्धा जातात. तिथेही हे सगळं लागू आहे का?

सत्तरीचा वाटाड्या | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, रद्द करा असं म्हणत नाही. केदारकांठा १२,५०० फुटांच्या आसपास. नेहमीच्या वाटेचा मोठा भाग रानातून जातो आणि दाट रान बर्फाला धरून ठेवतं. प्रश्न झाडी संपल्यावरचा, शेवटच्या चढाचा. तिथे गाइड कुठल्या रेषेने नेतो ते बघा. धारेने नेत असेल तर उत्तम. जवळची वाट म्हणून मोकळ्या उताराला आडवं कापत असेल, तर थांबून विचारा.

रानातही डोळे उघडे ठेवा. देवदारांच्या मध्येच उभा, मोकळा पट्टा दिसला, किंवा झाडांच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्याच नाहीत असं दिसलं, तर तिथून बर्फ उतरून गेला आहे आणि पुन्हा उतरेल. तिथे डबा उघडायला बसायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: मोठी बर्फवृष्टी झाली की पुढचे २४ ते ४८ तास मोकळ्या उतारावर पाऊल नको. गंमत अशी की तेव्हाच आकाश निळंशार असतं आणि सगळ्यांना शिखर हवं असतं.

आल्तो पर्वरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

लेख माहितीपूर्ण आहे, पण स्पष्ट बोलतो. दर हिवाळ्यात हजारो माणसं जाऊन येतात. मी स्वतः तीनदा गेलो, एकदा तर आदल्या रात्री गुडघाभर बर्फ पडला होता, तरी गेलो आणि आलो. काही झालं नाही. आपल्या महामार्गावर रोज माणसं मरतात. आधीच गोव्यातून हिमालयात जाणारे थोडे, त्यांना का घाबरवायचं?

सत्तरीचा वाटाड्या | ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

तुमचं 'काही झालं नाही' मला मनापासून पटतं, कारण मीही तेच म्हणत होतो. प्रसंग लिहायचा होता तो इथेच लिहितो.

मे महिना, कुल्लू भागातली एक खिंड. संध्याकाळपासून बर्फ लागला तो पहाटे तीनला थांबला. तंबूच्या दारात वीतभराहून जास्त साचला होता. आमचा स्थानिक गाइड, पार्वती खोऱ्यातला पन्नाशीचा माणूस, चहा पिता पिता म्हणाला, आज नाही. आयोजकांचा लीडर म्हणाला, मागची बॅच उद्या इथे पोचतेय, तंबू रिकामे करावे लागतील. आम्ही २१ जण. परतीची गाडी तीन दिवसांनी. सगळ्यांनी लीडरची बाजू घेतली. मीसुद्धा. निघायला सात वाजले, खरं तर तोवर खिंडीपलीकडे असायला हवं होतं.

साडेनऊच्या सुमारास खिंडीखालचा उतार आडवा कापताना पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला. आवाज कानांपेक्षा पोटात जास्त जाणवतो. दूरवर कुणी मोठी गोणी टाकावी तसा. आणि माझ्या बुटापासून एक चीर निघाली आणि वर, डावीकडे, पंधरा-वीस हात धावत गेली. बोटभर रुंद. गाइड ओरडला, "बैठो मत, एक एक करके, जल्दी!" आम्ही पलीकडे गेलो. उतार सुटला नाही. संध्याकाळी खाली सगळ्यांनी लीडरला खांद्यावर घेतलं. गाइड एकटा भांडी घासत बसला होता.

ती चीर म्हणजे खालचा कच्चा थर कोसळल्याची खूण होती, हे मला कोर्सला गेल्यावर कळलं. तो उतार तीन-चार अंश जास्त असता तर मी हे लिहायला नसतो. चुकीचा निर्णय घेतला आणि बक्षीस मिळालं. बर्फात असं पुन्हा पुन्हा होतं. उतार दहादा सोडून देतो, आणि दर खेपेला आपल्याला वाटतं की आपण बर्फ ओळखायला लागलो. गाडी घसरली की चालकाला कळतं. इथे कळतच नाही की आपण किती जवळून गेलो. तुमच्या त्या गुडघाभर बर्फाच्या दिवशी तुम्ही सुरक्षित होता की नशीबवान, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

आणि अनुभव असला की सुटका, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा या ५,६७० मीटरच्या शिखराखाली हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यांच्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांत चढले होते. त्यांच्याहून मोठा अनुभव आपल्यात कुणाचा आहे?

वास्कोचो दर्यावर्दी | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

थोडं विषयाला धरून, थोडं बाजूला. बर्फाचा अभ्यास करणारी देशातली एक मोठी संस्था आपल्या वास्कोत, सड्यावर आहे हे किती जणांना माहीत आहे? राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्थानकं तेच सांभाळतात, आणि २०१६ पासून स्पितीत १३,५०० फुटांवर 'हिमांश' नावाचं त्यांचं केंद्र आहे. बाहेर दर्याची खारी हवा आणि आत शून्याखालच्या खोलीत जपलेले बर्फाचे गाभे, म्हणजे खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे लांब नमुने. त्यांचा भर हिमनद्यांवर असतो, रोजचा हिमस्खलनाचा इशारा त्यांचं काम नाही. पण शाळेतल्या मुलांना घेऊन जरूर जा, लोकांसाठी खुलं ठेवतात त्या दिवशी बघायला मिळतं.

डोंगरवेडी_फोंडा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०२

मी इस्पितळात नर्स आहे, म्हणून माझा प्रश्न गाडल्यानंतरचा. सियाचेनचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद आठवतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत सापडले, तेव्हा आमच्या वॉर्डात सगळे टीव्हीला चिकटले होते. ११ तारखेला ते गेले तेव्हा रडलो होतो. म्हणजे बर्फाखाली माणूस इतका वेळ टिकू शकतो का? मदत येईपर्यंत थांबता येतं का?

सत्तरीचा वाटाड्या | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१९

ताई, ते अपवादातले अपवाद होते. त्या चौकीतल्या बाकी नऊ जवानांना वाचवता आलं नाही. नियम वेगळा आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले जवळजवळ नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली की तिघांतला एखादा. मरण बहुधा थंडीने येत नाही, गुदमरून येतं. बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो, बोट हलत नाही, आणि श्वासाच्या वाफेने तोंडासमोर बर्फाचं कवच धरतं. तुम्ही नर्स आहात, पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

म्हणजे हेलिकॉप्टर, लष्कर, आपत्ती दल कुणीही वेळेत पोचत नाही. वाचवणार ते सोबतचेच. त्यासाठी तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर लागतात: ट्रान्सीव्हर म्हणजे खुणेचे संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं रेडिओ यंत्र, घडीची लांब सळई म्हणजे प्रोब, आणि धातूचं फावडं. ट्रान्सीव्हर जगभर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा दुसऱ्याला शोधतो. मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवायचा आणि शोधताना ५० सेंटिमीटर, नाहीतर खुणा गोंधळतात. आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक ट्रेकवर यातलं काहीच नसतं. मग उरतं ते उतारच टाळणं.

उतार कापायलाच लागला तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्याकडे बघत. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. सुटलाच तर जोरात ओरडा, बाजूला निघायचा प्रयत्न करा, आणि वेग मंदावू लागला की हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा. वरच्यांनी माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची, शोध तिथून खाली.

निळा डोंगर | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

हवामानाबद्दल माझी भर. ऑक्टोबर २०१४ ला मी पोखऱ्यात होतो. १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. आम्हाला वाटलं, आंध्रचं वादळ, नेपाळशी काय संबंध? १४ ला तेच अन्नपूर्णा भागावर बर्फ होऊन कोसळलं. थोरोंग ला ही खिंड आणि आसपास ४० हून जास्त माणसं गेली, काही हिमस्खलनात, काही वाट हरवून गारठून. मी ज्या लॉजवर होतो तिथला मुलगा तीन दिवस भावाची वाट बघत पायरीवर बसला होता. तेव्हापासून निघण्याआधी मी बंगालच्या उपसागरावरचं चित्र बघतो आणि हिवाळ्यात पश्चिमी झंझावाताचं. वादळाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे सांगायला लागू नये.

बाकी, नुसता बर्फ बघायला जाणाऱ्यांनीही वाचावं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर ७ पर्यटक गेले. गाडीतून उतरून बर्फात खेळणारी माणसं.

साखळीकर तुका | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

सहमत. एका वाक्यात मुद्दा सांगतो: आपला खरा शत्रू परतीचं तिकीट. वास्को ते निजामुद्दीन दोन रात्री, पुढे देहरादून, पुढे केदारकांठ्याच्या पायथ्याचं सांक्री. जाऊन येऊन पाच-सहा दिवस नुसत्या प्रवासाचे, रजा बारा दिवसांची. मग वर बर्फ पडला म्हणून दोन दिवस थांबा कसं म्हणणार? दिल्लीचा माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ शकतो, आपण नाही. त्या मुळावरच घाव घालायचा. आम्ही गेल्या वेळी दोन कोरे दिवस धरून तिकीट काढलं. एक वापरला गेला.

डोंगरवेडी_फोंडा | ७ ऑक्टोबर, दुपारी २:४०

वाटाड्याभाऊ, रोजचा इशारा कुठे मिळतो?

सत्तरीचा वाटाड्या | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

तुकाभाऊंनी वर्मावर बोट ठेवलं.

इशारा संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते. चंदीगडला मुख्यालय आहे, पूर्वी तिला सासे म्हणायचे. हिवाळ्यात जिल्हावार धोक्याची पातळी सांगतात: उत्तरकाशी, चमोली, कुल्लू, लाहौल-स्पिती असं. जगभर वापरतात ती पाच पायऱ्यांची मोजणी आहे. तिसरी पायरी वाचून 'मध्यमच तर आहे' म्हणू नका. सगळ्यात वरच्या पायरीला डोंगर रिकामे असतात. माणसं मरतात ती जास्त करून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला, कारण तेव्हा माणसं वर असतात. आणि इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. तिथे धप्प आवाज, पायातून धावणारी चीर, शेजारच्या उतारावरचा ताजा पडझडीचा ढीग, अचानक चढलेली ऊब, काठी आपटल्यावर घुमट वाद्यासारखा पोकळ नाद, यातलं एक जरी आढळलं तरी जिल्ह्याचा आकडा विसरा आणि मागे फिरा.

आल्तो पर्वरी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३३

वाटाड्या, काल रात्री त्या ट्रेकचे जुने फोटो काढून बघितले. एका फोटोत आमच्या मागे उतारावर सरळ रेघ आहे, आडवी, कुणीतरी सुरीने कापल्यासारखी, आणि तिच्याखाली बर्फ ढेकळांचा. आम्ही तिच्यासमोर हात पसरून उभे आहोत. ती रेघ म्हणजे तुम्ही म्हणता ती लादी तुटलेली जागा का?

सत्तरीचा वाटाड्या | ७ ऑक्टोबर, रात्री ९:५१

हो. तिथूनच तुटते. फोटो इथे टाकाल का? नवीन मंडळींना शब्दांपेक्षा जास्त कळेल.

मांडवीकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ८:२०

कळवते. काल बांदोड्याला आमच्या घरी चौदाही जण जमलो. हा धागा मोठ्याने वाचला. परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं, तिघांच्या रजेचा प्रश्न होता, तोही मिटला. आयोजकांना चार प्रश्न पाठवले: शेवटचा चढ कुठल्या रेषेने, बर्फवृष्टीनंतर किती थांबता, मागे फिरायचा शब्द कुणाचा अखेरचा, फावडी आणि प्रोब आहेत का. पहिल्या दोनांची नीट उत्तरं आली. तिसऱ्याला 'ट्रेक लीडर ठरवतील' एवढंच. आम्ही कळवलं की स्थानिक गाइड नको म्हणाला तर आमचे चौदा जण वर जाणार नाहीत, पैसे बुडाले तरी चालतील. चौथ्याचं उत्तर अजून यायचं आहे. नाहीच आलं तर दोन फावडी आम्ही इथूनच नेऊ.

मुलीने ताटात खडेमीठ पसरून वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि ताट एका बाजूने उचलत गेली. फरशी बराच वेळ हललीच नाही. मग एकदम सुटून माझ्या पायावर आली. अंगठा सुजला आहे, पण चौदाही जणांनी ते बघितलं.

देव बरें करूं, वाटाड्यादादा.

सत्तरीचा वाटाड्या | ११ ऑक्टोबर, रात्री ९:०४

अंगठ्याला बर्फ लावा, ताई. सांक्रीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री इशारा उतरवून घ्या आणि गोव्यात मागे राहणाऱ्या एकाला रोज बघायला सांगा. कुणी नसेल तर मला सांगा, मी बघतो.